निळं अक्षर, काळी स्क्रीन

शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे दक्षिण काठावरच्या टेकाडावर जयगडचा किल्ला आहे. खाडीपलीकडे गुहागर तालुक्यातलं तवसाळ. किल्ल्यावरून पाहिलं तर पूर्वी मचवे आणि होड्या दिसत. २००९ पासून जयगडला खोल पाण्याचं बंदर सुरू झालं आणि कोळसा, लोहखनिज घेऊन येणारी प्रचंड जहाजं इथे लागू लागली. अशा जहाजाच्या ब्रिजवर रात्रीच्या वेळी काळोख असतो. दिवे मुद्दाम घालवलेले असतात, कारण डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एखादा प्रखर दिवा ती क्षणात मोडतो. तरीही नकाशाची स्क्रीन चालूच ठेवावी लागते. मग ती वाचायची कशी आणि बाहेरचा समुद्रही कसा दिसू द्यायचा?

जहाजवाल्यांनी हा प्रश्न नशिबावर सोडला नाही. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेने इलेक्ट्रॉनिक नकाशांसाठी एस-५२ नावाचं मानक तयार केलं. त्यात दिवसासाठी, संधिप्रकाशासाठी आणि रात्रीसाठी वेगवेगळ्या रंगतालिका आहेत. दिवसा खोल पाणी पांढरं आणि उथळ पाणी निळसर दिसतं; रात्रीची तालिका लावली की खोल पाणी काळं होतं आणि बाकीचे रंगही मंद होतात. यातला प्रत्येक रंग 'हिरवा', 'करडा' अशा नुसत्या नावाने सांगितलेला नाही. त्याची छटा आणि उजळपणा मोजून आकड्यांत दिला आहे, म्हणजे कुठल्याही कंपनीच्या स्क्रीनवर तो तसाच दिसावा. २०१२ ते २०१८ या काळात मोठ्या जहाजांवर असे नकाशे टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले, तेव्हा ही रंगांची शिस्तही त्यांच्यासोबत सगळ्या समुद्रांवर पोचली.

युनिक्स या संगणकप्रणालीच्या, निव्वळ अक्षरं वाचण्यासाठीच असलेल्या टर्मिनलला मात्र असा विचारपूर्वक नेमलेला रंगसंच कधी मिळाला नाही. त्याचे आठ रंग तीन बिटांच्या सोयीने ठरले. माणसाच्या डोळ्याला कोणता रंग किती दिसतो, याचा हिशेब त्यात नव्हता. म्हणूनच टर्मिनलवर रोज काम करणारा माणूस कधी ना कधी सेटिंग उघडून रंग बदलत बसलेला दिसतो. बघणाऱ्याला तो हौसेचा भाग वाटतो. पण रंग ठरवणाऱ्यांनी जे काम करायला हवं होतं, ते तिथे वाचणारा करत असतो. या दुरुस्तीचा इतिहास आता बराच लांबला आहे आणि त्यात मराठी अक्षरांचाही एक अवघड अध्याय आहे.

मजकुरात रंग घालण्याची गरज आपल्याकडे जुनी आहे. हस्तलिखित पोथीत शब्दांमध्ये जागा सोडण्याचा रिवाज नव्हता. काळ्या शाईची ओळ समासापासून समासापर्यंत सलग धावायची. अध्याय कुठे संपला, संवादात आता कोण बोलू लागलं, श्लोक कितवा, हे चटकन सापडावं म्हणून लेखनिक दंड, क्रमांक, 'उवाच'सारखे शब्द आणि समाप्तीची ओळ लाल शाईने लिहीत किंवा काळ्या अक्षरांवरून गेरू फिरवीत. उत्तम लाल शाई हिंगुळाची. चुकलेलं अक्षर झाकायला पिवळा हरताळ लावायचा आणि वाळला की त्यावर पुन्हा काळ्याने लिहायचं. तीन रंगांना तीन कामं नेमलेली होती: काळा वाचण्यासाठी, लाल शोधण्यासाठी, पिवळा दुरुस्तीसाठी. जुन्या पोथीचं पान समोर धरलं की लक्षात येतं, लाल रंग फार थोड्या जागी आहे. तो थोडा आहे म्हणूनच हाताभरावरूनही नजर त्याच्यावर जाते.

टाइपरायटरने यांतले काळा आणि लाल हे दोन रंग टिकवले. १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर बाजारात आणला आणि पुढची चार-पाच दशकं कचेऱ्या, कोर्टाची आवारं, टायपिंगच्या शिकवणी वर्गांमध्ये त्याची टकटक चालू राहिली. यंत्रांमध्ये अनेकदा दुरंगी फीत असे, वरची अर्धी काळी आणि खालची अर्धी लाल. बाजूची कळ फिरवली की फीत वर सरकायची आणि तूट, वजाबाकी, शेरा लाल अक्षरांत उमटायचा.

युनिक्सचा जन्मही अशाच खडखडणाऱ्या यंत्रांच्या सोबतीने झाला. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ही प्रणाली लिहायला घेतली तेव्हा संगणकाशी बोलायचं साधन टेलिटाइप होतं. टेलिटाइपचं मॉडेल ३३ कागदाच्या गुंडाळीवर सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. युनिक्सच्या आज्ञा 'एलएस', 'सीपी', 'एमव्ही' अशा दोन-दोन अक्षरांच्या का आहेत, याचं एक कारण हा संथपणा. या यंत्रांवरचा मजकूर पांढऱ्या कागदावर काळा होता, म्हणजे छापील पुस्तकासारखाच. वाचायला त्रास नव्हता. त्रास सुरू झाला तो कागद जाऊन काच आली तेव्हा.

काचेवरच्या अक्षरांशी मुंबईची ओळख फार लवकर झाली होती. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफरॅक हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला. त्याला कॅथोड किरण नळीचा पडदा जोडलेला होता आणि त्यावर आलेख तसेच अक्षरं उमटवता येत. ही नळी आतून पोकळ. मागून इलेक्ट्रॉनांचा झोत येतो आणि काचेच्या आतल्या फॉस्फरच्या लेपावर आपटला की तो ठिपका उजळतो. झोत नसेल तिथे काळोख. त्यामुळे उजळ अक्षर आणि काळी पार्श्वभूमी ही या नळीची नैसर्गिक अवस्था झाली. पूर्ण पडदा पांढरा उजळून त्यावर काळी अक्षरं काढायची, तर त्या काळातल्या मंद गतीच्या नळ्यांवर पडदा लुकलुकायचा आणि डोळे दुखायचे. काळ्या स्क्रीनची आजची परंपरा या तांत्रिक अडचणीतून आली आहे.

रंगही फॉस्फर ठरवायचा. हिरवा उजेड देणारा पी१ फॉस्फर सुमारे ५२५ नॅनोमीटर तरंगलांबीला सर्वाधिक चमकतो. उजेडात माणसाच्या डोळ्याची संवेदना ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तीव्र असते. दोन्ही जवळजवळ. म्हणून हिरवं अक्षर कमी शक्तीतही स्पष्ट दिसायचं. पी३९ हा दुसरा हिरवा फॉस्फर उजळला की लगेच विझत नसे. त्यामुळे लुकलुक कमी होई, पण ओळी वर सरकल्या की जुन्या अक्षरांची पुसट भुतं मागे रेंगाळत. पिवळसर नारिंगी, म्हणजे अंबर रंगाचा पडदा डोळ्यांना सोसतो असं अनेकांचं मत होतं आणि कार्यालयांमधून त्याला मागणी आली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं १९७८ सालचं व्हीटी१०० हे टर्मिनल पांढऱ्या अक्षरांचं होतं. १९८३ च्या व्हीटी२२० मध्ये पांढरा, हिरवा आणि अंबर असे तीन पर्याय आले. रंग निवडण्याचा हक्क वापरणाऱ्याला मिळाला खरा, पण तो खरेदीच्या दिवशी एकदाच.

व्हीटी१०० वर ८० अक्षरांच्या २४ ओळी मावत. जोर दाखवण्यासाठी चार उपाय होते: अक्षर ठळक करणं, अधोरेखित करणं, लुकलुकवणं आणि उलटं करणं, म्हणजे उजळ चौकटीत काळं अक्षर. एवढ्यावर बँकांचे ताळेबंद, विमान कंपन्यांची आरक्षणं आणि संशोधकांचे प्रोग्रॅम चालले. लुकलुकणारा मजकूर नजरेच्या कोपऱ्यातूनही छळायचा. उलट्या चौकटीतलं अक्षर मात्र चांगलं वाचता येई, आणि जाणकार प्रोग्रॅमर शीर्षकासाठी तेच वापरत.

भारतात युनिक्स घरोघरी नव्हे, तर कार्यालयांच्या मार्गाने आलं. रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीचा बँकांच्या यांत्रिकीकरणावरचा पहिला अहवाल १९८४ चा, दुसरा १९८९ चा. देशी कंपन्यांच्या मिनी संगणकांवर युनिक्स चालू लागलं, एका यंत्राला अनेक टर्मिनलं जोडली गेली आणि खातेवहीवर वाकून लिहिणारा कारकून हिरव्या अक्षरांसमोर बसला. अक्षरं इंग्रजी होती. खातेदाराचं नाव, गाव, पेठ सगळं रोमन लिपीत.

देवनागरीला त्या काचेवर जागा मिळवून देण्याचं काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झालं आणि पुण्यात तडीस गेलं. १९८८ साली पुण्यात विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली. कानपूरला देवनागरी टर्मिनलवर काम केलेले मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी पुण्याला आले आणि जिस्ट तंत्रज्ञान सी-डॅकच्या छताखाली वाढलं. जिस्ट कार्ड पीसीत बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या साध्या प्रोग्रॅममध्येही भारतीय लिपी उमटायची. युनिक्स यंत्रांसाठी जिस्ट टर्मिनल होतं: यंत्राच्या दृष्टीने ते व्हीटी मालिकेतल्या टर्मिनलसारखंच वागे, पण आलेल्या संकेतांची जोडाक्षरं स्वतः जुळवून दाखवी.

या सगळ्याच्या मुळाशी इस्की हा संकेतसंच होता. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली तो आयएस १३१९४ म्हणून प्रसिद्ध केला. पहिल्या १२८ जागा इंग्रजीच्या, वरच्या जागांत भारतीय वर्णमाला. त्यातली २३९ क्रमांकाची जागा फार विचाराने राखून ठेवलेली आहे. तिथे कोणतंही अक्षर नाही. तो संकेत आला की पुढचा एक संकेत 'गुणधर्म' म्हणून वाचायचा: ठळक, तिरपं, अधोरेखित, पसरट, उठावदार, नुसती बाह्यरेषा, सावलीसह. त्याच संकेताने लिपीही बदलता येते; ४२ हा हेक्साडेसिमल आकडा देवनागरीसाठी, ४३ बंगालीसाठी. यादीत रंग नाही. हे उणेपण वाटू शकतं, पण त्या समितीचा निर्णय शहाणपणाचा होता असं आज म्हणावंसं वाटतं. कोणत्या शब्दावर जोर आहे ते लिहिणाऱ्याने सांगावं आणि तो जोर कोणत्या रंगात पाहायचा ते वाचणाऱ्याने ठरवावं, अशी ती वाटणी होते. जगभरच्या टर्मिनलांनी नेमकी उलट वाट धरली होती.

ती वाट १९७९ च्या अमेरिकी मानकात, अन्सी एक्स३.६४ मध्ये आखली गेली. रंगीत अक्षर हवं असेल तर प्रोग्रॅमने एक छोटा संकेत पाठवायचा: एस्केप, चौकोनी कंस, एक आकडा आणि शेवटी एम हे अक्षर. आकडे ३० ते ३७. तीसमध्ये लाल हवा असेल तर एक मिळवायचा, हिरवा हवा तर दोन, निळा हवा तर चार. लाल आणि हिरवा मिळून पिवळा, म्हणून ३३. निळा ३४. तिन्ही मिळून पांढरा, ३७. काहीच नसेल तर काळा, ३०. पार्श्वभूमीसाठी हेच ४० पासून. रचना सुटसुटीत आहे, लक्षात राहते, आणि आजही प्रत्येक टर्मिनल ती पाळतं. पण मानकाने फक्त नावं दिली. 'निळा' म्हणजे किती निळा, किती उजळ, हे कुठेच लिहिलं नाही. जो तो आपापल्या यंत्राच्या सोयीने निळा दाखवू लागला.

आणि निळ्यानेच घात केला.

डोळ्याला तिन्ही मूळ रंग सारखेच उजळ वाटत नाहीत. आजच्या स्क्रीनवर पांढऱ्याचा जो उजळपणा जाणवतो, त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ७१.५ टक्के, लालचा २१.३ आणि निळ्याचा अवघा ७.२ टक्के. नेत्रपटलाच्या मधोमध, जिथे बारीक अक्षर वाचलं जातं, तिथे निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशी जवळजवळ नसतातच. त्यातून निळा प्रकाश डोळ्याच्या भिंगातून जाताना लालपेक्षा जास्त वाकतो, म्हणून लाल आणि निळं अक्षर एकाच वेळी नीट फोकसमध्ये येत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर बारीक निळं अक्षर म्हणजे या तिन्ही अडचणी एकत्र.

हे मोजता येतं. वेबवरच्या मजकुरासाठी २००८ मध्ये निश्चित झालेल्या सुलभतेच्या निकषांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ असावं असं सांगितलं आहे. पांढऱ्यावर काळं अक्षर २१ गुण मिळवतं. पीसीच्या व्हीजीए स्क्रीनवरचा साधा निळा घेतला तर काळ्यावर त्याला १.६ मिळतात. विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीतला गडद निळा आणखी वाईट, १.३. म्हणजे अक्षर आहे हे कळतं, कोणतं आहे ते कळत नाही.

मग लिनक्स या युनिक्सच्याच धर्तीच्या प्रणालीवर 'एलएस' या आज्ञेने फोल्डरची नावं नेमकी निळ्यात का दाखवली? याचं उत्तर पीसीच्या व्हिडिओ कार्डात आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आलेल्या कार्डात लाल, हिरवा, निळा या तीन बिटांना चौथा 'तीव्रते'चा बिट जोडलेला होता, म्हणून आठाचे सोळा रंग झाले. लिनक्सच्या कन्सोलवर 'ठळक' म्हटलं की अक्षर जाड होत नसे. हा चौथा बिट पेटे आणि रंग उजळे. एलएसमध्ये फोल्डरसाठी नेमलेला संकेत आहे ०१;३४, म्हणजे ठळक निळा. त्या कन्सोलवर तो उजळ निळा दिसायचा आणि त्याचं गुणोत्तर ४.१ भरतं. तेवढं चालण्यासारखं होतं. १९९० च्या दशकाच्या मध्यात ही रंगव्यवस्था जीएनयू प्रकल्पाच्या साधनांत स्थिरावली आणि हान्स पीटर अन्विन यांनी लिहिलेल्या डरकलर्स या साधनाने ती प्रत्येकाला बदलता येऊ लागली. पण मूळ संकेत घेऊन लोक दुसऱ्या टर्मिनलांवर गेले, जिथे 'ठळक' म्हणजे खरोखर जाड अक्षर होतं आणि निळा गडदच राहायचा. एका यंत्रावर केलेली योग्य निवड दुसऱ्या यंत्रावर चुकीची ठरली. यात दोष रंग निवडणाऱ्याचा नाही, आकड्याऐवजी नावावर थांबलेल्या मानकाचा आहे.

दुरुस्त्या सुरू झाल्या त्याही निळ्यापासून. एक्सटर्म हे युनिक्सच्या खिडक्यांमधलं जुनं टर्मिनल. १९९६ पासून टॉमस डिकी ते सांभाळत आहेत. त्याच्या रंगांच्या फाइलमध्ये निळ्याच्या जागी डॉजर ब्लू ही आकाशीकडे झुकणारी छटा आली. काळ्यावर तिला ६.५ गुण मिळतात, कारण तिच्यात भरपूर हिरवा मिसळला आहे. १९९९ मध्ये टॉड लार्सन यांच्या बदलाने एक्सटर्मला २५६ रंग मिळाले: जुने सोळा, सहाच्या घनाचे २१६ आणि करड्याच्या २४ पायऱ्या. मायक्रोसॉफ्टला मात्र आपला निळा बदलायला २०१७ उजाडलं. त्या वर्षी विंडोज १० च्या कन्सोलसाठी नवा रंगसंच आला तेव्हा कारण हेच दिलं गेलं, की जुने गडद रंग आताच्या एलसीडी स्क्रीनवर वाचता येत नाहीत. निळ्यात थोडा हिरवा घालून तो उजळ केला, तरीही त्याचं गुणोत्तर अडीचच्या आसपासच आहे.

पांढऱ्या स्क्रीनवर सगळं उलटं होतं. निळा एकदम वाचनीय आणि पिवळा गायब. पांढऱ्यावर शुद्ध पिवळ्याला १.०७ गुण, म्हणजे अक्षर नसल्यातच जमा. एखाद्या प्रोग्रॅमने सूचना पिवळ्यात दाखवायची ठरवली तर काळी स्क्रीन वापरणाऱ्याला ती ठळक दिसते आणि पांढरी वापरणाऱ्याला दिसतच नाही. गडद अक्षर उजळ पार्श्वभूमीवर जास्त अचूक वाचलं जातं, असं बाउअर आणि कॅव्होनिअस या संशोधकांनी १९८० मध्येच दाखवलं होतं. उजळ पार्श्वभूमीसमोर बाहुली आकुंचन पावते आणि कडा रेखीव दिसतात. पण खोलीतला उजेड किती, यावर बरंच अवलंबून राहतं. कोकण किनाऱ्यावरच्या यांत्रिक नौकांवर बसवलेल्या फिश फाइंडरमध्येही हेच दिसतं. माशांच्या थव्याचा जोरदार प्रतिध्वनी लाल, क्षीण प्रतिध्वनी निळा, आणि पार्श्वभूमी मात्र बदलता येते. भर उन्हात उजळ पार्श्वभूमी वाचता येते. रात्री तीच डोळ्यांवर येते आणि काळी लावावी लागते. तांडेलाला हे बटण जितकं गरजेचं, तितकंच रात्रपाळीच्या संगणक अभियंत्यालाही.

ही अदलाबदल सुकर करण्याचा सर्वांत नेटका प्रयत्न इथन शूनोव्हर यांचा. २०११ मध्ये त्यांनी सोलराइज्ड हा सोळा छटांचा संच प्रसिद्ध केला. छटा निवडताना त्यांनी डोळ्याला जाणवणारा उजळपणा मोजणारी रंगप्रणाली वापरली आणि आठ मुख्य रंग असे बेतले, की पार्श्वभूमी गडद असो वा फिकी, तेच आठ दोन्हीकडे वाचता यावेत. काहींना हा संच फार मवाळ वाटतो, आणि कमी दिसणाऱ्या डोळ्यांसाठी तो अपुराच आहे. तरी टर्मिनलचे रंग ठरवताना कोणीतरी मोजमाप घेऊन बसलं, आणि ते एकट्या माणसाने हौसेने केलं, ही मोठी गोष्ट आहे.

रंगांवर विसंबण्यात आणखी एक धोका आहे, आणि तो खलाशांना फार आधीपासून ठाऊक आहे. रात्री समोरून येणारं जहाज कोणत्या बाजूला वळतंय ते त्याच्या लाल आणि हिरव्या दिव्यांवरून कळतं. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. म्हणून दर्यावर्दी म्हणून काम करणाऱ्याची रंगदृष्टी तपासली जाते. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष थोडेथोडके नाहीत, आणि टर्मिनलवर बसायला अशी कुठलीही चाचणी नसते. प्रोग्रॅममधले बदल दाखवताना काढलेली ओळ लाल आणि घातलेली ओळ हिरवी दाखवायची पद्धत सर्वत्र आहे. सुदैवाने त्या ओळींपुढे वजा आणि अधिक अशी चिन्हंही असतात. भारतीय किनाऱ्यावरच्या बोयांचीही अशीच दुहेरी खूण आहे. बंदरात शिरताना डावीकडचा बोया लाल असतो आणि डब्यासारख्या आकाराचा, उजवीकडचा हिरवा आणि शंकूच्या आकाराचा. रंग दिसला नाही तरी आकार सांगतो. २०१७ पासून काही प्रोग्रॅमरांनी 'नो कलर' नावाचा एक साधा संकेत रूढ केला: वापरणाऱ्याने तो लावला की प्रोग्रॅमने रंगच पाठवायचा नाही. अनेक साधनं आता तो मानतात.

मराठी मजकूर टर्मिनलवर आला की रंगांची अडचण वेगळ्याच जागी उभी राहते. टर्मिनल म्हणजे सारख्या चौकटींची जाळी. एका चौकटीत एक अक्षर, आणि रंग त्या चौकटीचा. 'जयगड' हा शब्द या जाळीला अगदी सोयीचा आहे. चार अक्षरं, एकालाही मात्रा नाही, चार चौकटी. आता 'रत्नागिरी' लिहा. मराठी माणूस तिथेही चारच अक्षरं मोजतो: र, त्ना, गि, री. युनिकोड या आजच्या जागतिक संकेतसंचात मात्र तो शब्द नऊ तुकड्यांचा आहे, कारण हलन्त, काना, वेलांट्या सगळे वेगळे साठवले जातात. बऱ्याच प्रणाली हलन्ताला शून्य आणि बाकी प्रत्येकाला एक चौकट देतात, म्हणजे आठ. डोळ्याला सारखे वाटणारे दोन शब्द यंत्राच्या लेखी एक दुसऱ्याच्या दुप्पट लांब. त्यामुळे तक्ते वाकडे होतात, कर्सर भलत्याच जागी उभा राहतो.

त्यात रंग आला की अक्षर फुटतं. मजकुरात शब्द शोधणारी 'ग्रेप' ही आज्ञा सापडलेला भाग ठळक लाल करते. 'रत्नागिरी'त नुसता 'ग' शोधला तर लाल रंगाचा संकेत 'ग'च्या आधी पडतो आणि रंग संपल्याचा संकेत लगेच नंतर. पण साठवणीत पहिली वेलांटी 'ग'च्या नंतर येते आणि दिसते मात्र त्याच्या आधी. मधोमध संकेत घुसल्यामुळे काही टर्मिनलांवर वेलांटी 'ग'पासून तुटते आणि ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळू लागते. इस्कीच्या काळात जोडाक्षर जुळवणारं यंत्र आणि जोर दाखवणारा संकेत एकाच घरातले होते. युनिकोडने लिपी सांभाळली, टर्मिनलने रंग सांभाळला, आणि दोघांच्या मध्ये अक्षर उघड्यावर पडलं.

ठळकपणाही देवनागरीला सोसत नाही. रोमन अक्षरांत पोकळ्या मोठ्या असतात. शिरोरेघेखाली 'ष', 'क्ष', 'श्री' यांच्या पोकळ्या आधीच चिमुकल्या. लहान आकारात अक्षर जाड केलं की त्या बुजतात. त्यामुळे मराठी मजकुरासाठी जोर दाखवायचा तर तो जाडीने न दाखवता उजळ रंगाने दाखवणं जास्त वाचनीय ठरतं, आणि बहुतेक टर्मिनलांच्या सेटिंगमध्ये ठळक अक्षराऐवजी नुसता उजळ रंग वापरण्याची सोय असते.

सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत एक नियम वाढवला गेला. त्यानुसार देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतलं जोडाक्षर हे एक अखंड एकक मानायचं, मधल्या हलन्तावर ते तोडायचं नाही. 'त्ना' आता नियमानेही एक अक्षर झालं. पण अक्षर कुठे तोडू नये एवढंच हा नियम सांगतो. त्याला किती चौकटी द्यायच्या आणि अर्ध्यात आलेला रंगाचा संकेत कुठे लावायचा, हे ठरवणं टर्मिनल लिहिणाऱ्यांवर आहे. काही नवी टर्मिनलं अक्षरसमूह एकत्र मोजू लागली आहेत, जुनी अजून तुकडे मोजतात. तोवर मराठी फाइलींत शोध घेताना सुटं अक्षर न शोधता पूर्ण शब्द शोधावा. मग रंगाचे संकेत शब्दाच्या दोन टोकांना पडतात आणि आतल्या वेलांट्या जागच्या जागी राहतात. फोल्डरचा ०१;३४ बदलून ०१;३६ केला की निळ्याच्या जागी हिरवट आकाशी येतो, आणि काळ्या स्क्रीनवर फोल्डरची मराठी नावंही डोळे न ताणता वाचता येतात.